सात बदाम

—नाही नाही, बसा की, ती खुर्ची कुणाची नाहीये, माझे पत्ते पडलेत नुसते, थांबा, उचलते. आणि परत परत काउंटरवरच्या त्या मुलीला विचारायला जाऊ नका हो, तिला माहीत असतं तर तिनं सांगितलं नसतं का? बायकोला आत नेलंय ना रक्त काढायला? मग झालं. इथे रक्त काढायला पाच मिनिटं आणि चिठ्ठी चिकटवायला अर्धा तास. बसा. मी? छे, मला काय धाड भरलीये! मी पेशंट नाही, मी डॉक्टरांची बहीण. थोरली. त्याला न्यायला आलेय — संध्याकाळी क्लबात आमची मॅच आहे, आणि मी इथे येऊन ठाण मांडून बसले नाही ना, तर हा माणूस त्या खुर्चीतून उठायचा नाही, एक पेशंट झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. तुम्ही त्याला 'सर, सर' म्हणत असाल, बाहेर पाटीवर एवढी मोठी अक्षरं आहेत त्याच्या नावापुढे, पण घरात तो बारक्या. आता दारातून वाकून आत येतो एवढा उंच, तरी बारक्याच. शेंडेफळ ना. आम्ही दोघंच. म्हणजे आता दोघंच. तो वरच्या मजल्यावर, मी खालच्या. त्यानं लग्न केलं नाही, माझं झालं आणि संपलं, आणि मग काय — सकाळी चहा, रात्री पत्ते.

ब्रिज. तुम्ही खेळता? रमी... बरं, चालेल, पत्ते तरी ओळखता ना, मग निम्मं काम झालं. नाही, मी तुम्हाला सगळं शिकवत बसत नाही, घाबरू नका. पण तुमचा चेहरा असा झालाय की काहीतरी बोलायलाच हवं तुमच्याशी, आणि मला दुसरं काही बोलता येत नाही. हवापाणी मला जमत नाही. तर बघा — चौघं खेळतात, दोघं-दोघं भिडू, समोरासमोर. प्रत्येकाला तेरा पत्ते. म्हणजे एकूण तेरा हात व्हायचे. आणि खेळायच्या आधी सांगायचं असतं की आम्ही यातले किती हात करू. आधी बोलायचं, मग करून दाखवायचं. सगळी गंमत त्या बोलीत आहे. भिडूचे पत्ते तुम्हाला दिसत नाहीत, त्याला तुमचे दिसत नाहीत, तोंडानं ब्र काढायचा नाही, भुवई उडवायची नाही, खोकायचं नाही — बोलीचे छापील पत्ते असतात डबीत, त्यातला एक काढायचा आणि टेबलावर ठेवायचा. एक बदाम. दोन किलवर. त्या पाच-सहा चिठोऱ्यांवरून ओळखायचं समोरच्याच्या हातात काय आहे ते. लग्नासारखंच आहे, फक्त यात नियम लिहून दिलेत.

आता सगळ्यात मोठी बोली कुठली? सात. पहिले सहा हात धरलेलेच असतात, त्यांच्यावरचे मोजायचे — म्हणून सहा बोललात तर बारा हात करायचे, सात बोललात तर तेराच्या तेरा. ग्रँड स्लॅम. ऐकायला काय भारी वाटतं ना? माणसं आयुष्यभर खेळतात आणि सात बोलायचं धाडस त्यांना हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा होतं. का? तर सहामध्ये एक हात गेला तरी चालतो. एक चूक माफ. एखादी राणी नसली, एखादा अंदाज हुकला, तरी तुम्ही तरलात. सातमध्ये माफी नाही. एक हात गेला की मागचे बारा पाण्यात. आणि जास्तीचं मिळतं किती? तसं फार नाही हो. सहाचंच बक्षीस इतकं असतं की शहाणा माणूस सहावर थांबतो. आमचे अण्णा — आमचे वडील, नकाशे काढायचे, पेन्सिलीला टोक काढण्यात ज्यांचा अर्धा जन्म गेला — अण्णांनी आम्हाला स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवलं हे सगळं. आई, अण्णा, मी आणि बारक्या, चौघांत एक दिवा. त्यांचा नियम असा, की सात बोलायच्या आधी हातातले पत्ते टेबलावर पालथे ठेवायचे आणि मनात तेरा हात मोजायचे. एक-एक करून. मोजता मोजता 'बहुतेक' हा शब्द आला की संपलं, सहा बोलायचं आणि गप्प बसायचं. बारक्या हे अजून करतो. पत्ते पालथे ठेवतो आणि डोळे मिटतो. क्लबात सगळे थांबतात त्याच्यासाठी, डॉक्टर मोजतायत म्हणून. म्हणून तर तो एवढा चांगला सर्जन झाला, माझं म्हणणं आहे. तुम्ही अगदी योग्य ठिकाणी आलात. अगदी.

काय आहे तिला? गळ्यातली गाठ? अच्छा. त्या ग्रंथीचीच ना — हो, हो, ते तर तो झोपेत करेल. अर्धी काढायची म्हणाला की— सगळी? सगळी म्हणाला? ...नाही, नाही, मी कुठे काय म्हणतेय, त्यातलं मला काय कळतं. पहिल्या डॉक्टरांनी अर्धी सांगितली होती? असेल. प्रत्येकाचं मत वेगळं असतं. हा म्हणाला असेल काहीतरी बघूनच. त्यानं बघूनच सांगितलं असणार.

पाणी आणू का तुम्हाला? तो कूलर बरा आहे, नळ तेवढा उलटा फिरवावा लागतो. नको? बरं.

मी काय सांगत होते — सात. अहो, त्या सातनं माझी झोप घालवलीये. गेल्या महिन्यात आमची फायनल होती. समोर वकील आणि त्यांच्या वहिनी, किती वर्षांचे आमचे वैरी, टेबलावर हं, एरवी वकील फार सज्जन माणूस. मी बदाम बोलले, बारक्यानं बदाम उचलून धरले, म्हणजे हुकूम बदाम ठरल्यातच जमा. मग त्यानं विचारलं, महत्त्वाचे पत्ते किती आहेत तुझ्याकडे? विचारलं म्हणजे तोंडानं नाही, तशी एक बोली असते, चार नो-ट्रंप. महत्त्वाचे म्हणजे चार एक्के आणि हुकमाचा राजा. माझ्याकडे दोन होते. आता नीट ऐका, हे सोपं आहे. दोन आहेत, पण हुकमाची राणी नाही, असं सांगायचं असेल तर 'पाच बदाम' ठेवायचा. दोन आहेत आणि राणीसुद्धा आहे, तर 'पाच इस्पिक'. कळलं? बदाम — राणी नाही. इस्पिक — राणी आहे. राणी माझ्याकडे नव्हती. मी पाच बदाम ठेवला. त्याच्या पुढ्यात, असा, वीतभर अंतरावर. त्यानं पत्ते पालथे ठेवले. डोळे मिटले. मोजले. आणि सात बदाम ठेवला.

मी माझे पत्ते परत एकदा बघितले. कारण राणी नसताना तेरा मोजून होतच नाहीत, काही केल्या होत नाहीत. मला वाटलं, राणी त्याच्याकडेच असेल. असणारच. नाहीतर हा सात बोलेल? माणूस झोपेतून उठवला तरी बोलणार नाही. बरं, मग खेळ सुरू व्हायच्या आधी समोरच्यांना हक्क असतो विचारायचा, की तुमच्या भिडूच्या बोलीचा अर्थ काय. बोलीचे पत्ते तोवर टेबलावरच असतात. वकिलांनी विचारलं, सवयीनं, खाली मान घालून — डॉक्टर, ताईंच्या त्या शेवटच्या बोलीचा अर्थ? आणि बारक्या त्या पत्त्याकडे सरळ बघत म्हणाला, "पाच इस्पिक. दोन आहेत आणि हुकमाची राणी."

वकिलांनी मान वर केली. वहिनींनी पत्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि पत्ता तिथे पडलेला, लालभडक बदाम, एवढा मोठा. वकील हळूच म्हणाले, "इस्पिक, डॉक्टर?" तेव्हा बारक्यानं तो उचलला. आणि असा, नाकाशी धरून, खिडकीकडे वळवला. एक डोळा मिटून. मग हसला. म्हणाला, "अरे, हो की. बोलताना जीभ घसरली." पण जीभ घसरली असती तर सात कसा ठेवला असता हो? बोली झाल्यावर बदलता येत नाही. त्यानं आपले पत्ते मांडले, माझा भिडू म्हणून त्याचे सगळ्यांना दिसणार, आणि मी खेळणार. त्यात राजा होता, गुलाम होता. राणी नव्हती. कुठेच नव्हती आमच्याकडे.

म्हणजे मग काय, अंदाज. राणी डावीकडे की उजवीकडे, एकटी की सोबतीत. मी बांधला एक अंदाज आणि चुकले. राणी वकिलांकडेच होती. त्यांनी ती ठेवली ना टेबलावर, तर अक्षरशः माफी मागितल्यासारखी ठेवली. बारा हात झाले. सहा बोललो असतो तर कप घरी. घरी येताना गाडीत हा मला म्हणतो, "ताई, तू राणी वकिलांकडे धरून खेळायला हवं होतंस, ती तिकडेच असणार होती." आणि सांगू का तुम्हाला, मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं! चूक माझी आहे म्हटल्यावर. मी म्हटलं, हो रे बारक्या, माझंच चुकलं, वय झालं माझं. गाडी मीच चालवत होते.

का म्हणजे? हल्ली मीच चालवते. तो दमतो दिवसभर. शेजारी बसतो आणि विचारत राहतो — सुटला का गं सिग्नल? समोर दिसत असतो तरी विचारतो. सवय हो.

नाही, तसं नाही. तुम्ही काय भलताच अर्थ काढताय. त्याचे डोळे चांगले आहेत. पेपर वाचतो, फोनवरचं बारीक अक्षर वाचतो. एकदा लालच्या जागी काळं दिसलं म्हणून काय झालं? हे बघा, हे घ्या, हा बदामाचा एक्का, हा इस्पिकचा. आकार बघा. बदाम उलटा केला आणि खाली देठ लावला की इस्पिक. लांबून फरक कशानं कळतो? रंगानंच. मग एखाद्या वेळी दिवा बरोबर नसला, डोळे दमलेले असले... आता, हे खरंय की त्याच्या आधीही दोनदा त्यानं हातात बदाम असताना भलताच पत्ता टाकला होता आणि आम्हाला दंड झाला होता. आणि त्यानं परवा पत्त्यांचा नवीन कॅट मागवला, त्यात बदाम नारिंगी असतात आणि चौकट निळी. मला म्हणाला, परदेशात आता असेच वापरतात. मी म्हटलं, असतील. पण तेवढ्यावरून— बसा हो. बसा. असे उठून उभे राहू नका, लोक बघतायत.

अहो, ऑपरेशन म्हणजे काय एकटा माणूस करतो? सगळी टीम असते. भूल देणारा असतो, हाताखालचा डॉक्टर असतो. आणि थिएटरमधली सिस्टर तर अशी आहे, की काय सांगू! त्याच्याबरोबर पहिल्या दिवसापासून. त्यानं हात पुढे करायच्या आत तिच्या हातात चिमटा तयार असतो. ती सगळं बघते. तीच सांगते ना त्याला हल्ली, इकडून येतंय सर, अजून थोडं डावीकडे—

काय येतंय? काही नाही. असंच आपलं. त्यांचं काहीतरी बोलणं असतं.

रक्त. कुठून येतंय ते. ...आता असं बघू नका माझ्याकडे. तीच म्हणाली मला, घरी आली होती तेव्हा. चहा पिता पिता म्हणाली, ताई, सर हल्ली मधेच थांबतात आणि विचारतात, "सिस्टर, कोरडं आहे ना?" मी म्हटलं, मग? विचारणारच. काळजीनं काम करणारा माणूस विचारतोच. ती कप खाली ठेवून म्हणाली, "ताई, सर कधी विचारायचे नाहीत. सर आम्हाला सांगायचे." मी तिला बिस्किटं दिली. दुसरा विषय काढला. मुलीचं काय चाललंय वगैरे. तर त्यासाठीच आली होती म्हणे सांगायला, मुलीचं बाळंतपण आहे, रजेवर जातेय. लांब राहते मुलगी. गेली पण. परवाच गेली.

नाही. उद्या तुमच्या बायकोच्या ऑपरेशनला ती नसणार. नवीन आहे कुणीतरी, हुशार आहे म्हणतात. पण नवीन माणूस एवढ्या मोठ्या सर्जनला मधे बोलून कसं सांगेल, की सर, इकडून... तो विचारेल तरच सांगेल ना. आणि त्याला वाटलं पाहिजे ना विचारावंसं. त्या दिवशी त्याला वाटलं नव्हतं. हे कळतंय का तुम्हाला? तेच मला खातंय. तो गोंधळला नव्हता. अंदाज नव्हता त्याचा. त्यानं पत्ते पालथे ठेवले, डोळे मिटले आणि तेराच्या तेरा मोजले, त्याच्या हिशेबात एकसुद्धा 'बहुतेक' नव्हतं. ती राणी त्याला दिसली होती. जी नव्हतीच, ती त्याला दिसली होती.

सगळी काढायची म्हणाला, नाही का तुम्हाला.

वकील मला त्या दिवशी गाठून म्हणाले होते. मी हात धुवत होते, ते मागे येऊन उभे राहिले, आरशात दिसले मला. म्हणाले, ताई, रागावू नका, पण डॉक्टरांना कुणाला तरी दाखवा. मी रागावले. काय वाट्टेल ते बोलले. म्हटलं, कप मिळालाय ना, मग आता माझ्या भावाची बदनामी कशाला करता? भल्या माणसानं खाली मान घातली आणि निघून गेले. त्यानंतर मी त्यांच्याशी एक शब्द बोललेले नाही. आज त्यांच्याशीच मॅच आहे.

मला काय कळत नाही असं वाटतं का? मला वकिलांच्या आधी कळलं होतं. आमच्या मामाचं असंच झालं. आईचा भाऊ. कापडाला रंग द्यायचा धंदा होता त्याचा, कोपरापर्यंत हात रंगलेले असायचे बारा महिने. त्याचं आधी लाल गेलं. म्हणजे लाल दिसेना असं नाही, लाल तपकिरी झालं, मग काळपट. एका डोळ्यात, मग दुसऱ्या. सांगायचा नाही कुणाला. गिऱ्हाइकाचं कापड भलत्याच छटेचं गेलं की कामगारांवर ओरडायचा, तुम्ही रंग बदललात म्हणून. आईला डॉक्टर म्हणाले होते, हे घराण्यात असतं, आईकडून मुलाकडे येतं. आई घरी आली आणि बारक्याला जवळ घेऊन बसली, एवढा मोठा कॉलेजात जाणारा मुलगा, तो वैतागला, काय गं आई म्हणून. हे घराण्यातलं आहे, असं आम्ही त्याला कधी सांगितलं नाही. आई गेली, अण्णा गेले, मी एकटी उरले हे माहीत असलेली. इतकी वर्षं काही झालं नाही, मला वाटलं, सुटलो.

विचारलं ना! विचारल्याशिवाय राहीन का? म्हटलं, बारक्या, डोळे दाखवून ये एकदा, माझेही दाखवायचेत, दोघं जाऊ. तो हसला. म्हणाला, "ताई, ज्या दिवशी मला वाटेल ना, की आता पुरे, त्या दिवशी मी आपणहून सुरी खाली ठेवीन. तुला सांगावं लागणार नाही." आणि चहा प्यायला लागला. आता याच्यावर काय बोलायचं? वाटायला पाहिजे ना त्याला. त्याला तर सगळं दिसतंय.

आणि मी स्पष्ट का नाही सांगत, तेही विचारा. विचारा ना, तुमच्या डोळ्यांत दिसतंय मला. मामाला ज्यानं स्पष्ट सांगितलं, तो बारक्याच होता. डॉक्टरकी शिकत होता, नवीन नवीन उत्साह, सुट्टीत गेला आणि मामाला म्हणाला, मामा, तुला दिसत नाहीये, तू धंदा बंद कर. मामानं ऐकून घेतलं. पाठीवर हात फिरवला त्याच्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मामा कारखान्यात गेला, रंगाचे हौद असतात तिकडे, मोठे. बारक्याच गेला त्याला जेवायला बोलवायला.

तर आता मी त्याला सांगू? मी? मला खालच्या मजल्यावर त्याच्या पावलांचा आवाज ऐकू येतो रोज. उठला की कळतं, बाथरूममध्ये गेला की कळतं. तो आवाज आला नाही, अशी एक सकाळ तुम्ही मला मागताय. काही मागितलं नाही तुम्ही, माहितेय. पण तेच आहे ते.

हळू बोला. ती काउंटरवरची मुलगी ऐकते सगळं.

बरं, इकडे बघा. माझ्याकडे बघा. तुमची बायको बाहेर आली की तिला काहीही सांगू नका, इथे नाही. घरी न्या. उद्या सकाळी इथे फोन करायचा आणि सांगायचं, तिला खोकला झालाय. नुसतं सर्दी-पडसं म्हणू नका, खोकला म्हणा, छातीत घरघर आहे म्हणा. खोकला असला की भूलवाला हात लावत नाही, तो पुढची तारीख देतो. तारीख घ्यायची, हो म्हणायचं, आणि यायचं नाही. त्या पहिल्या डॉक्टरांकडे जा, जे अर्धी म्हणाले होते. कुणी विचारलं तर म्हणा, लांब पडतं हो. माझं नाव काढायचं नाही. काढलंत तर मी म्हणेन, कोण हे गृहस्थ, मी ओळखत नाही. आणि बघा, लोक माझंच खरं मानतील.

काय? बाकीचे? कोण बाकीचे?

त्या? हिरव्या स्वेटरवाल्या? असेल त्यांचं काहीतरी, मला काय माहीत. परवाची तारीख आहे वाटतं. हो, त्यांच्याबरोबर मुलगी आहे त्यांची, दिसतेय मला, मला डोळे आहेत. अहो, मग मी काय करू? एकेकाच्या शेजारी जाऊन बसू? सगळ्या गावाला खोकला लावू? माझा भाऊ आहे तो. तुम्ही माझ्या शेजारी येऊन बसलात, तुमचा चेहरा बघवेना, म्हणून बोलत गेले, आणि बोलता बोलता कुठल्या कुठे— मला तर तुम्हाला नुसता धीर द्यायचा होता हो. नाही. त्यांना तुम्हीही काही सांगायचं नाही. तुम्ही आपलं माणूस घ्या आणि जा. एवढं दिलं ना मी तुम्हाला? पुरे झालं. याच्यापुढे माझ्याकडे नाही काही.

आली बघा तुमची बायको. उठा. हसा जरा, घाबरेल ती. कापूस नीट धरून ठेवायला सांगा तिला, ओघळ आलाय हातावर. जिन्यानं जा, लिफ्टला वेळ लागतो. आणि वळून बघू नका, त्याचं दार उघडलंय—

कुणी नाही रे बारक्या. किती वाजले विचारत होते. चल, कोट घे, उशीर होतोय आपल्याला.